मृगात भिंतीवर चढणारा वाणी: ओल आणि पाचोळा यांवर चालणारं आयुष्य

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस पडले की विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात एक देखावा ठरलेला असतो. कवेलूच्या घराच्या भिंतीवर, न्हाणीच्या दगडावर, विहिरीच्या कठड्यावर काळपट-तांबूस, तुकतुकीत, नळीसारखे जीव चढू लागतात. अंगाला काडी लागली की जागच्या जागी वेटोळं करून नाण्यासारखे गोल पडतात. त्या गोलावरूनच कुठे त्यांना ‘पैसा’ म्हणतात. बऱ्याच गावांत आणि शेतीच्या पत्रकांत त्यांचं नाव ‘वाणी’. पुस्तकात सहस्रपाद किंवा मिलिपीड. नाव काहीही घ्या, बायामाणसं आधी झाडू घेतात आणि मग मीठ. या जीवाची माहिती असली तर मिठाची गरज पडत नाही, आणि शेतात तो नुकसान करतो तेव्हा नेमकं काय करायचं तेही कळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकी सगळं आपोआप उलगडतं. वाण्याला जगायला दोन गोष्टी लागतात: ओल आणि मेलेलं, कुजकं झाडपान. तो कधी बाहेर निघतो, कुठे लपतो, भिंतीवर का चढतो, सोयाबीनचा कोंब का कुरतडतो, आफ्रिकेतल्या जंगलात तो वीतभराहून लांब का होतो, या साऱ्यांची उत्तरं या दोहोंतच आहेत.

पाय किती, आणि गोमेपेक्षा वेगळा कसा

आपल्याकडे बहुपाय दिसला की त्याला सरसकट गोम म्हणायची सवय आहे. गोम वेगळी. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी असते. ती चपटी असते, चपळ पळते, आणि डोक्याखाली तिचे विषाचे आकडे असतात. ती शिकार करते आणि माणसाला चावतेही. वाण्याच्या बहुतेक प्रत्येक कड्याला दोन जोड्या असतात, म्हणजे कड्यामागे चार पाय. अंग गोल, चाल संथ. त्याला विषाचा दात नाही, नांगी नाही. तो चावत नाही. पानं चघळायला असलेले त्याचे जबडे माणसाची कातडी फोडू शकत नाहीत.

सहस्रपाद म्हणजे हजार पायांचा, पण हे नाव फार वर्षं खोटंच होतं. ७५० पायांचा कॅलिफोर्नियातला एक सहस्रपाद आजवरचा विक्रमी समजला जायचा. २०२१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणीच्या भागातून, बोअरच्या भोकात जमिनीखाली सुमारे ६० मीटर खोल सापडलेल्या एका बारीक, आंधळ्या, दोऱ्यासारख्या जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिच्या एका मादीला १,३०६ पाय निघाले. तेव्हा कुठे नाव खरं ठरलं.

आपल्या वाण्याचे पाय मोजायचे तर एकेक पाय मोजत बसायची गरज नाही. कडी मोजा. डोक्यामागचं पहिलं कडं बिनपायाचं असतं, गळ्यात घातलेल्या पट्ट्यासारखं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कड्याला एकेक जोडी. पाचव्यापासून दोन-दोन जोड्या. शेपटीकडची एक-दोन कडी पुन्हा बिनपायाची, कारण नवी कडी तिथूनच फुटतात. समजा एकूण ६० कडी आहेत आणि शेवटची दोन बिनपायाची. मग ३ जोड्या आणि पुढच्या ५४ कड्यांच्या १०८ जोड्या, मिळून १११ जोड्या, म्हणजे २२२ पाय. हा हिशेब मादीचा झाला. नरात तो थोडा कमी भरतो, कारण सातव्या कड्यावरचे पाय चालण्याचे राहत नाहीत. त्यांचं रूपांतर वीर्य पोचवण्याच्या अवयवात झालेलं असतं. वाण्याला काचेच्या बरणीत ठेवून खालून बघा. पायांच्या सलग रांगेत पुढच्या बाजूला एक छोटी फट दिसली तर नर, रांग अखंड असली तर मादी. लहान पोरांनाही हे एकदा दाखवलं की जमतं.

आता चाल बघा. वाणी चालताना पायांची लाट उठते. मागून पुढे, तुरीच्या वावरावरून वारा गेल्यासारखी. या लाटेत एका वेळी बरेच पाय जमिनीला टेकून ढकलत असतात. त्यामुळे वेग मिळत नाही, पण जोर भरपूर मिळतो. गोल, टणक डोकं पुढे करून तो भुसभुशीत माती आणि पाचोळ्याचे थर अक्षरशः रेटत जातो. इतके पाय त्याला पळायला नाही, घुसायला दिलेले आहेत.

राक्षसी वाणी कुठे राहतात

जगात सहस्रपादांच्या सुमारे १२,००० जातींना आजवर नाव मिळालं आहे. त्यातले खरे राक्षस उष्ण कटिबंधात राहतात. सर्वांत नावाजलेला आफ्रिकेतला आर्किस्पायरोस्ट्रेप्टस जिगास. केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या सखल, उबदार जंगलात तो आढळतो. काळाभोर, माणसाच्या अंगठ्याएवढा जाड, ३० सेंटिमीटरच्या पुढे जाणारा, आणि पाय साधारण २५०. सर्वांत लांब म्हणून नोंदलेला नमुना ३८.७ सेंटिमीटरचा आहे. नीट सांभाळला तर तो ७ ते १० वर्षं जगतो.

भारतातही मोठे वाणी आहेत. पश्चिम घाटात आणि ईशान्येत त्यांची विविधता जास्त. पश्चिम घाटात आर्थ्रोस्फेरा नावाचा एक निराळाच प्रकार आहे. तो लांब नसतो, आखूड आणि फुगीर असतो, आणि हात लावला की गोटीसारखा पूर्ण बंद गोळा होतो. काही जातींचा गोळा लिंबाएवढा होतो. विदर्भात मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच आणि गडचिरोलीच्या रानात पावसाळ्यात दिसणारे लांबट वाणी करंगळीएवढे जाड आणि बोटाहून लांब भरतात. आफ्रिकेच्या मानाने हे लहान. कारण सरळ आहे. वाणी जन्मभर कात टाकत वाढतो. जिथे वर्षभर ऊब, ओल आणि जाड पाचोळा मिळतो तिथे त्याला वाढायला वर्षातले जास्त महिने मिळतात. आपल्याकडचं रान कोरडं पानगळीचं. पावसाचे चार महिने सोडले तर त्याला जमिनीत दडी मारूनच बसावं लागतं.

इतिहासात याहून मोठे होते. आर्थ्रोप्ल्युरा नावाचा सहस्रपादांचा एक नातलग अडीच मीटरपेक्षा लांब वाढायचा, म्हणजे बैलबंडीच्या साटीएवढा. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड किनाऱ्यावर २०१८ साली सापडलेलं त्याचं जीवाश्म सुमारे ३२ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हाच्या हवेत प्राणवायू फार होता म्हणून तो इतका वाढला, असं अजूनही जागोजाग लिहिलेलं सापडतं. पण हे जीवाश्म प्राणवायू शिगेला पोचण्याच्या आधीच्या काळातलं आहे. तेव्हा तेवढ्या एका कारणावर भरवसा ठेवता येत नाही. भरपूर आणि सकस खाणं मिळणं हेही त्यामागे असणार.

सगळा खटाटोप पाण्यासाठी

बहुतेक किड्यांच्या अंगावर मेणाचा एक बारीक थर असतो. त्याने आतलं पाणी आत राहतं. झुरळ, मुंगी, टोळ हे उन्हात फिरू शकतात ते त्यामुळेच. वाण्याच्या कवचात चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरपूर असतो. म्हणून ते टणक असतं आणि मेल्यावर त्याची कडी मण्यांसारखी खडखडतात. पण मेणाचा तो थर त्याच्या अंगावर जवळपास नसतोच. शिवाय श्वासाची भोकं पायांच्या बुडाशी असतात आणि ती त्याला नीट मिटता येत नाहीत. म्हणजे तो श्वास घेतो तितका वेळ अंगातलं पाणी उडत राहतं. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात उघड्यावर पडला तर त्याचा निभाव लागत नाही.

म्हणून तो रात्रीचा फिरतो. म्हणून दिवसा दगडाखाली, पडक्या ओंडक्याखाली, गंजीच्या बुडाशी असतो. म्हणूनच वेटोळं करतो, कारण गुंडाळी केली की पोटाकडची मऊ बाजू आणि श्वासाची भोकं आत जातात, उघडं अंग कमी होतं. शत्रूपासून बचाव होतो तो वेगळाच.

आता भिंतीचं कोडं. ओल हवी असलेला जीव पाऊस पडल्यावर जमीन सोडून कोरड्या भिंतीवर का चढतो? कारण ओल वेगळी आणि पाणी वेगळं. काळी माती पाण्याने फुगली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या भरून जातात. ज्या भेगेत तो उन्हाळाभर बसला होता तिथे पाणी साचतं आणि श्वासाची भोकं बुडतात. जीव वाचवायला तो वर येतो, उंच जागा धरतो. त्यातच हवा दमट असल्याने बाहेर फिरणंही परवडतं, आणि हाच त्यांच्या जोडीचा काळ असतो. जूनच्या अखेरीस एकावर एक चढून चालणाऱ्या जोड्या दिसतात त्या याच. घरात यायचं त्याच्या डोक्यात नसतं. घर हे त्याच्या दृष्टीने कोरडी, बिनपाचोळ्याची, उपाशी मरायची जागा. कोपऱ्यात मेलेले जे वाणी झाडून काढावे लागतात ते बहुतेक सुकून मेलेले असतात.

काळ्या मातीचा उल्लेख आला म्हणून जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या वाण्याचं आयुष्य या मातीने घडवलं आहे. कन्हार जमीन उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हातभर, कुठे त्याहूनही खोल भेगा पडतात. वर माती तव्यासारखी तापलेली असते, तरी भेगेच्या तळाशी गारवा आणि थोडी ओल शिल्लक असते. हाच त्याचा उन्हाळ्यातला आसरा. बरड जमिनीत अशा भेगा पडत नाहीत. तिथे तो दगडांच्या खाली, वाळवीच्या जुन्या वारुळांत आणि झाडांच्या मुळ्यांशी दडतो. म्हणून भारी जमिनीच्या वावरात, त्यातही नाल्याच्या आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) बाजूला, पहिल्या पावसानंतर त्याची गर्दी जास्त दिसते.

रानात तो करतो काय

साग जानेवारीपासून पानं टाकायला लागतो. मार्चपर्यंत मेळघाटात पाऊल टाकलं की सागाच्या सुपाएवढ्या पानांचा करकर आवाज येतो. ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू यांची भर पडते. पण फेब्रुवारी ते जून हा पाचोळा तसाच पडून राहतो, कारण कुजायला पाणी नाही. सदाहरित जंगलात जे काम बाराही महिने चालतं ते आपल्याकडे पावसाच्या चार महिन्यांत उरकावं लागतं. या चार महिन्यांत वाण्याचं मोल मोठं आहे.

ताजं गळलेलं सागाचं पान तो खात नाही. ते खरखरीत, चिवट आणि तुरट असतं. आधी पावसाने ते भिजावं लागतं. मग त्यावर बुरशी चढते, पान मऊ पडतं, शिरांच्या मधला भाग सैल होतो. अशा पानावर वाणी बसतो. त्याला पानाइतकीच, किंबहुना पानापेक्षा जास्त, त्यावरची बुरशी आणि जिवाणू हवे असतात. त्यांच्यात नत्र जास्त. तो खातो पुष्कळ आणि त्यातलं अंगी लागतं थोडं. उरलेलं बारीक कुटून, आतड्यातल्या जिवाणूंसकट, गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतं.

ओल्या पाचोळ्याचा थर हलक्या हाताने उचलला तर या गोळ्या सापडतात. मोठ्या वाण्याच्या गोळ्या मोहरीहून मोठ्या, ज्वारीच्या दाण्याच्या जवळपास, गडद तपकिरी. बोटात दाबली की चुरा होतो आणि ओल्या मातीचा वास येतो. त्या चुऱ्यात पानाचे इतके बारीक तुकडे असतात की पान ओळखू येत नाही. अखंड पानाला बुरशी वरून आणि खालून खाते. चुरा झाला की तिला धरायला शेकडो कडा मिळतात, आणि कुजणं वेगाने पुढे सरकतं. वाणी पुष्कळदा स्वतःच्याच गोळ्या पुन्हा खातो. किळस वाटण्यासारखं त्यात काही नाही. पहिल्या फेरीत जे पचलं नाही त्यावर बाहेर जिवाणू काम करतात आणि दुसऱ्या फेरीत ते अंगी लागतं. गाय रवंथ करते तो याच जातीचा उपाय.

कवचासाठी त्याला चुना लागतो, म्हणून चुना जास्त असलेली पानं तो पसंत करतो. तो मेला की तोच चुना मातीत परत येतो.

शत्रू, वास आणि डाग

वाण्याच्या दोन्ही बाजूंना, पुढची चार-पाच कडी सोडून, प्रत्येक कड्यावर सुईच्या टोकाएवढा एक ठिपका असतो. ती ग्रंथीची भोकं. फार त्रास दिला तर त्यातून पिवळसर-तपकिरी द्रव पाझरतो आणि आयोडिनसारखा उग्र वास येतो. त्यात बेन्झोक्विनोन गटातली रसायनं असतात. मुंग्या, पाली आणि पक्षी त्यामुळे दूर राहतात. व्हेनेझुएलातली कॅपुचिन माकडं पावसाळ्यात वाणी पकडून मुद्दाम अंगाला घासतात. या रसायनांनी डास दूर राहतात, हे प्रयोगातही दिसलं आहे. आपण तसं करू नये. आपल्या कातडीला ते सोसत नाही.

हाताला हा द्रव लागला तर आधी पिवळा, मग तासाभरात तपकिरी किंवा जांभळट डाग पडतो. थोडी आग होते, क्वचित फोड येतो. लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. दवाखान्यातलं स्पिरिट कापसाला लावून पुसलं तर द्रव जास्त निघतो, पण उघड्या जखमेवर आणि डोळ्याजवळ स्पिरिट लावू नका. डाग काही दिवस ते काही आठवडे राहतो आणि कातडीबरोबर निघून जातो. घासून काढायला गेलात तर जखम होईल. खरा धोका डोळ्याला. वाणी हाताळलेलं बोट डोळ्याला लागलं तर बुबुळाला इजा होऊ शकते. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा.

पावसाळ्यात जोड्यात किंवा गमबुटात वाणी जाऊन बसतो. पाय घातला की चिरडतो आणि बोटं काळीनिळी पडतात. हे साप चावल्यासारखं किंवा रक्त अडल्यासारखं दिसतं आणि घरचे घाबरतात. डॉक्टरांचीही यात फसगत झाल्याच्या नोंदी आहेत. बोट गरम आहे, दाबल्यावर दुखत नाही, नख दाबून सोडल्यावर लाली परत येते, आणि जोड्यात वाण्याचे तुकडे सापडले, तर हा डागच. यातलं काहीही जुळत नसेल, किंवा शंका राहत असेल, तर वेळ न दवडता दवाखाना गाठा. जोडा झटकून घालायची सवय सर्वांत सोपी.

सगळ्या वाण्यांचं रसायन सारखं नसतं. चपट्या पाठीचे, कडेला पंखासारख्या कडा असलेले लहान वाणी असतात. त्यांना डोळे नसतात, आणि ते हायड्रोजन सायनाइड नावाचा विषारी वायू सोडतात. वास कडू बदामाचा. प्रमाण इतकं थोडं की मोकळ्या हवेत माणसाला काही होत नाही. पण पोरं असे पाच-पंचवीस एका बाटलीत घालून झाकण घट्ट लावतात, तेव्हा ते स्वतःच्याच वायूने मरतात. गोळा होणाऱ्या आर्थ्रोस्फेराच्या अंगात मात्र असं काहीच रसायन नसतं. त्याचा सगळा भरवसा कवचावर.

इतकं करूनही त्याला खाणारे आहेतच. लाल-काळ्या रंगाच्या मारेकरी ढेकणांचा एक गट खास वाण्यांवरच जगतो. कड्यांच्या सांध्यात सोंड खुपसून ते आधी विष सोडतात आणि मग आतला रस ओढतात. पावसाळ्यात एका मोठ्या वाण्याला अशी पाच-सहा पिल्लं एकाच वेळी चिकटलेली दिसू शकतात.

वावरात वाणी आला तर

आता ज्याची शेतकऱ्याला काळजी असते ते. सोयाबीन आणि कपाशी जमिनीतून वर येत असते नेमक्या त्याच दिवसांत वाणी भुकेला बाहेर पडलेला असतो. फुगलेलं बी आणि कोवळा कोंब त्याच्या कमजोर जबड्यांनाही तुटतो, आणि त्यात पाणी असतं. पहिल्या पावसानंतर उघडीप पडली तर नुकसान वाढतं, कारण वरची माती सुकते आणि ओल फक्त कोंबात उरते. दोन-तीन पानांवर आलेलं, खोड कडक झालेलं रोप तो सहसा सोडून देतो. म्हणजे धोका पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्याचा.

आधी खात्री करा की वाणीच आहे. वाण्याने खाल्लेलं बी पोखरलेलं आणि कोंब जमिनीलगत कुरतडलेला असतो. आजूबाजूची ढेकळं उलटली की खाली वेटोळी सापडतात. पानांवर आणि मातीवर चकाकणारी वाळलेली चिकट रेघ असेल तर ती शंखी गोगलगाय. मुळाशी मातीचा लेप आणि खोड आतून पोकळ असेल तर वाळवी. बी उकरून खड्डा पडला असेल आणि टरफलं वर पडलेली असतील तर पाखरं. कंदील किंवा बॅटरी घेऊन रात्री नऊनंतर एक चक्कर मारली तर पंधरा मिनिटांत निकाल लागतो.

नुकसान बहुतेक धुऱ्याकडच्या तासांत (पेरणीच्या ओळींत), जिथे मागल्या वर्षीच्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, ढीग होता तिथे, किंवा कच्चं शेणखत पडलं तिथे जास्त असतं. म्हणून संपूर्ण वावर फवारायची घाई करू नका. संध्याकाळी धुऱ्याकडच्या बाजूने दहा-दहा पावलांवर ओल्या गवताचे पाटीभर ढीग ठेवा. गवत नसेल तर भिजवलेला बारदाना चालतो. रात्री फिरून वाणी त्याखाली जमतात. ऊन चढण्याआधी, सहाच्या सुमारास, ढीग उचला आणि हातात प्लास्टिकची पिशवी घालून ते वेचा. शेतीच्या शिफारशीत ते साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतात. संख्या बेताची असेल तर बादलीभर नेऊन वावरापासून दूर, नाल्याच्या काठच्या झाडीत किंवा खताच्या टाक्यात सोडता येतात. आमचा कल या दुसऱ्या उपायाकडे आहे. हे सलग सात-आठ दिवस करावं लागतं. एक दिवस करून सोडलं तर उपयोग नाही, कारण रोज नवे निघत असतात. गवताचे ढीग ठेवून उचलायला विसरलात तर उलट त्यांना वावरातच घर करून दिल्यासारखं होतं. विरळ झालेल्या तासांत नांग्या, म्हणजे रोपं गेलेल्या रिकाम्या जागा, आठ-दहा दिवसांच्या आत पुन्हा बी टोकून भरा. औषध वापरायचीच वेळ आली तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारून, त्या पिकासाठी शिफारस असलेलंच घ्या. जास्त मात्रेने वाण्यांबरोबर गांडूळ आणि जमिनीवरचे शिकारी भुंगेही जातात.

खरा उपाय उन्हाळ्यातला. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं आणि ते एप्रिल-मे महिन्यात पसरून उन्हात तापू द्यायला हवं. जून उजाडल्यावर अर्धकच्चं खत टाकलं की त्यातून वाणी आणि त्यांचं खाणं दोन्ही आपण स्वतः वावरात नेतो. कुटाराची गंजी पेरणीच्या तासांपासून लांब ठेवा.

खताच्या टाक्याचा उल्लेख वर मुद्दाम केला. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी घडवलेलं नाडेपचं टाकं आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. भरल्यावर सुरुवातीला ते आतून फार तापतं, तेव्हा वाणी तिथे टिकत नाही. थंड झाल्यावर तो आपणहून येतो आणि तुराटीचे व पऱ्हाटीचे चिवट तुकडे, जे गांडूळ सहज घेत नाही, ते कुटतो. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी कृषी संशोधन संस्थेने ट्रायगोनियुलस कोरॅलिनस या विटकरी रंगाच्या वाण्याकडून खत करायची पद्धत बसवली आहे. गवत, मक्याची कणसं, पुठ्ठा असा कोरडा माल त्यात चालतो. आपल्याकडे मंगळूर विद्यापीठात आर्थ्रोस्फेराच्या खतावर अभ्यास झाला आहे.

घराच्या बाबतीत थोडक्यात: भिंतीलगतचा दोन हातांचा पट्टा पाचोळा, सरपण आणि विटांच्या ढिगाऱ्यापासून मोकळा ठेवा, दाराखालची फट बुजवा, आणि आत आलेले सुपलीत घेऊन परसात टाका. औषध मारून उपयोग होत नाही. बाहेरून नवे येतच राहतात आणि मेलेल्यांचा वास सुटतो.

वणवा

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला चांगली फूट यावी म्हणूनही आग लावतात, आणि ती आटोक्यात राहत नाही. खोल दडलेला वाणी अशा आगीतून कधी वाचतो. पण मृगात वर येतो तेव्हा त्याच्यासाठी काहीच राहिलेलं नसतं. चार महिने पुरणारं अन्न राख झालेलं असतं, आणि सावली देणारा ओला थर नसल्याने पहिली उघडीप त्याला सुकवते. ओंडक्यांखाली आणि वरवरच्या मातीत असलेले तर जागीच जातात. मोहाखाली झाडून घेऊन जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुलं मातीत न पडता स्वच्छ मिळतात आणि काडीही ओढावी लागत नाही. हे थोडं जास्त कष्टाचं आहे, पण करण्यासारखं आहे. एकदा गेलेली वाण्यांची संख्या लवकर भरून येत नाही, कारण त्याची वाढ फार संथ.

ती संथ कशी, ते पाहा. मादी ओल्या मातीत खोल जागा करून अंडी घालते. मोठ्या जातींत प्रत्येक अंड्याभोवती चघळलेल्या मातीचा वेगळा गोळा करते, घरकामाला लागलेल्या बाईने लाडू वळावेत तसा. अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला पायांच्या फक्त तीन जोड्या असतात. ते पांढरट असतं. मग प्रत्येक वेळी कात टाकली की शेपटीकडे नवी कडी आणि नवे पाय वाढतात. कात टाकण्याआधी तो खाणं बंद करतो, मातीत गुळगुळीत भिंतींची बंद खोली करतो आणि तिथे वेटोळं करून पडतो. मोठ्या वाण्याचा यात कित्येक आठवड्यांचा वेळ जातो. कवच फाटून बाहेर आलेलं अंग पांढुरकं, मऊ आणि बिनबचावाचं असतं. जुनी कात तो तिथेच खाऊन टाकतो, म्हणजे त्यातला चुना नव्या कवचाला मिळतो. याच दिवसांत हलवला गेला तर वाणी सहज मरतो.

शाळेत दाखवायला एखादा आठवडाभर ठेवायचा असेल तर वाण्याच्या लांबीइतका तरी खोल ओलसर मातीचा थर, वर अर्धकुजकी पानं, कुजक्या लाकडाचा तुकडा आणि फळ्यावरच्या खडूऐवजी कुटलेलं अंड्याचं टरफल ठेवा. झाकणाला भोकं, ऊन नको, रोज पाण्याचा हलका शिडकावा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी, पण पाणी गळू नये. फवारणी झालेल्या झाडाची पानं घालू नका. आणि तो मातीत जाऊन चार दिवस दिसला नाही तर उकरू नका.

दसऱ्यानंतर वरची ओल उतरते आणि वाणी दिसेनासे होतात. रब्बीसाठी धुऱ्यालगतची माती खणताना एखाद्या ढेकळात सुपारीएवढी, आतून सारवल्यासारखी गुळगुळीत पोकळी निघते आणि तिच्यात फिकट रंगाचं वेटोळं असतं. हलत नाही, म्हणून तो मेला असं वाटतं. तो कात टाकतोय. ते ढेकूळ तसंच उचलून धुऱ्याच्या सावलीत, उघडी बाजू खाली करून ठेवा आणि वरून दोन मुठी ओली माती टाका.